उरलेला ऑइलपेंट

गेरू एक पावसाळासुद्धा काढत नाही,
हे मी मायाक्काला आधीच सांगितलं होतं.
ती म्हणाली, दस्तगीरमामा,
वर्गणी गेरूपुरतीच जमली.

हुणसेवाडीत पाऊस तरी कुठं पडतोय म्हणा.

तर शाळेची भिंत, समाजमंदिराची भिंत,
पाण्याच्या टाकीचं पोट
(टाकी कोरडी, म्हणून रंग लवकर वाळतो),
सगळीकडं एकच ओळ:
गायरान गावाचं, द्यायचं नाही.
पुढची तिनं वहीतून वाचून दाखवली:
सौरऊर्जा हवीच. छपरावर मांडा, कालव्यावर मांडा,
मेंढरांच्या पोटावर मांडू नका.
मी म्हणालो, भिंत संपेल.
ती म्हणाली, कोपऱ्यावरून वळवा.
म्हणून आमच्याकडं 'मेंढरांच्या' पूर्वेला आहे
आणि 'पोटावर' उत्तरेला.

एक गोष्ट तिला सांगितली नव्हती.
त्याच आठवड्यात जतला, माझ्या दुकानात
कंपनीचा माणूस चौदा पत्रे टाकून गेला होता.
निळ्यावर पांढरं: स्वच्छ ऊर्जा, समृद्ध गाव.
खाली लाल: आत येण्यास सक्त मनाई.
ऑइलपेंट त्यांचाच, ॲडव्हान्स रोख.
नऊ पत्रे मी केलेही.
'सक्त'मधला क्त मला चांगला जमतो.

मी उन्हाच्या विरोधात नाही.
माझ्या घरावर एक प्लेट आहे,
लाइट गेली की आसमा तिच्यावरच
नर्सिंगचं वाचत बसते.

ग्रामसभेला मी मागं बसलो,
नखातला निळा खरवडत.
साहेबांनी पडद्यावर माळ दाखवला.
वरून काढलेला, तांबूस, सपाट.
कोपऱ्यात लिहिलेलं: पडीक.

सुगलाबाई काठी टेकून उठली.
"ही कुठली जमीन?"
खरंच न कळून विचारलं तिनं.
आपलीच, आजी.
"मग यात पवन्या कुठाय? कुसळ कुठाय?
बिरोबाच्या मागचा हिवर?
टिटवीची अंडी?
आन् आमच्या मालकांना पुरलंय तो दगूड?"
साहेब म्हणाले, सॅटेलाइटवरून
एवढं बारीक दिसत नाही.
"मग खाली या की,"
ती म्हणाली, आणि बसली.

मायाक्कानं एकच हिशोब मागितला:
प्लेटा धुवायला पाणी किती, आणि कुणाचं?
साहेब कागद चाळत राहिले.
तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला
आणि अर्धी सभा घागरी घेऊन पळाली.
ठराव पुढच्या सभेवर गेला.

मधल्या दिवसांत एका रात्री वळीव आला.
सकाळी शाळेच्या भिंतीवरचं 'गायरान' ओघळलेलं,
रान वाहून गेलं होतं,
गाय तेवढी उरली.
वेशीवर कंपनीनं ठरावाआधीच रोवलेले दोन पत्रे
धुऊन अजून चकचकीत.

पाच पत्रे मी कोरेच परत पाठवले,
त्यांचे पैसे मोजून.
डबा मात्र ठेवला. तळाला चार बोटं निळा होता.
ही चोरी का, मी आसमाला विचारलं.
हो, म्हणाली. मग स्वतःच ब्रश धुवून दिले.

रात्री टाकीला शिडी लावली.
मायाक्का बॅटरी धरून खाली,
पोटावरचीच ओळ पुन्हा गिरवायची, असं तिला वाटलेलं.
मी चढत राहिलो.
पार वर, स्लॅबवर, जिथं कावळेच बसतात,
गुडघ्यांवर रांगत दीड हात उंचीची अक्षरं काढली:
खाली या की.

गावात कुणाला ती दिसत नाहीत.
सुगलाबाईला वाचता येत नाही,
तरी तिनं विचारलं, कुठल्या अंगाला लिहिलंस?
मी आभाळाकडं बोट केलं.

रंग संपला तेव्हा 'की'ची वेलांटी
अर्धीच झाली होती.
तशीच आहे.
सभा मंगळवारी.